ओल्डमचं लोखंड, वऱ्हाडची सरकी

साल 1842. तुम्ही अमरावतीच्या परकोटाबाहेर उभे आहात आणि पुढं सरकायला जागा नाही, कारण सगळी वाट बैलांनी अडवली आहे. गाड्या नाहीत, नुसते बैल. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्हीकडं लोंबणारी गोणी, मागं हाकारे देणारे लमाण, आणि वर धुळीचा लोट. हा तांडा गंगेकाठच्या मिर्झापूरला निघालाय, पाचशे मैलांवर. तिथं माल होडीत चढेल आणि कलकत्त्याला जाईल. एकट्या एका व्यापाऱ्यानं यंदा या वाटेनं लाखभर बैलांचा माल धाडला, असं पुढं इंग्रजांच्या गॅझेटियरात छापून येणार आहे. आकडा खरा की बाजारगप्प, हे तपासायला तुम्हाला सवड नाही. समोरची रांग पाहिली की तो पटतो, एवढं मात्र खरं.

परकोटाची भिंत वीस ते सव्वीस फूट उंच, घेर सव्वादोन मैलांचा. 1807 साली निजामाच्या अमलात ती बांधायला घेतली, पेंढाऱ्यांपासून आतल्या सावकारांचा पैसा वाचावा म्हणून. कापूस पिकवणारा भिंतीच्या बाहेर राहतो. पेंढारी त्याच्याकडं आले तर त्याचं तो पाहून घेईल.

एखाद्या गोणीत हात घाला. मऊ, मातकट रुई लागेल. सरकी एकही लागणार नाही. कापसाच्या वजनात तीनातले दोन हिस्से सरकीचे असतात, आणि ते ओझं पाचशे मैल वाहून नेण्याइतका वेडा व्यापारी अजून जन्मलेला नाही. मग ही सरकी काढली कुठं? त्यासाठी शहर सोडून कोस-दोन कोसांवरच्या खेड्यात चला.

ओसरीवर एक म्हातारी रेचा फिरवत बसली आहे. रेचा म्हणजे दोन रूळ, एक लाकडाचा, एक बारीक लोखंडी, एकमेकांना खेटून उलट दिशांनी फिरणारे. डाव्या हातानं ती कापूस पुढं सारते. तंतू रुळांच्या फटीतून पलीकडं ओढला जातो, सरकी जाड, ती फटीत शिरत नाही, टपकन् अलीकडं पडते. दिवसभर फिरवला तरी काही शेर रुई. पण तिच्या पायाशी पाहा. सरकीचे दोन ढीग आहेत.

“काय पाह्यतं गा बाप्पा?” ती मान वर न करता विचारते. “हे पेराची सरकी, ते ढोराची.”

पेरायची सरकी ती एकेक करून वेचते: भरलेली, टणक, तिच्याच वावरातल्या चांगल्या झाडांची. मृगाच्या तोंडावर ती शेणात आणि राखेत चोळली जाईल, म्हणजे अंगावरची लव बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. उरलेली बैलांच्या आंबोणात. व्यापाऱ्यानं नेली फक्त रुई. या दोन ढिगांवर लक्ष ठेवा. पुढच्या पावणेदोनशेहून जास्त वर्षांचा प्रवास यंत्रांचा असला, तरी मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते या ढिगांचं काय झालं हे.

आता वीस वर्षं पुढं आणि समुद्रापार. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं ओल्डम, वर्नेथ भाग, साल 1862. पहाटेच्या काळोखात दगडी फरसबंदीवर लाकडी तळाच्या बुटांची खडखड चालली आहे आणि तुम्ही त्या गर्दीबरोबर एका अवाढव्य फाटकातून आत ओढले जाता. हे हार्टफर्ड वर्क्स, प्लॅट ब्रदर्स यांचा कारखाना. ओतशाळेत वाळूच्या साच्यांवर लाल लोखंड ओतलं जातंय. तोंडावर धग येते तशी पाठ थंडीनं कुडकुडते. पलीकडच्या दालनात कानस, कातयंत्र, हातोडी, आणि प्रत्येक माणसाचं आपापलं एकच काम.

हे घराणं मूळचं लोहारांचं. 1770 च्या सुमाराला हेन्री प्लॅट नावाचा लोहार जवळच्या सॅडलवर्थमध्ये पिंजणयंत्रं बनवायला लागला. त्याच नावाचा त्याचा नातू ओल्डमला आला आणि एलायजा हिबर्टबरोबर भागीदारीत कारखाना घातला. 1854 साली हिबर्ट घराण्याचा हिस्सा जॉन आणि जेम्स या प्लॅट बंधूंनी विकत घेतला आणि पाटीवर फक्त कुटुंबाचं नाव उरलं. जेम्स 1857 साली पार्लमेंटात निवडून गेला आणि त्याच वर्षी माळरानावर शिकारीला गेला असताना ओल्डमच्या महापौराच्या बंदुकीची गोळी चुकून लागून मेला. तुम्ही ज्याला हातात टोपी घेऊन दालनांतून फिरताना पाहताय तो जॉन. तोही 1865 ला खासदार होईल. शतक संपताना या कारखान्यात बारा हजारांवर माणसं कामाला असतील आणि कापडयंत्रं बनवणारा याच्याएवढा मोठा कारखाना जगात दुसरा नसेल.

पण 1862 चं हे वर्ष लँकेशायरसाठी वाईट आहे. अमेरिकेत यादवी पेटलीय, दक्षिणेतला कापूस बंदरांत अडकलाय, गिरण्या बंद पडून लाखो माणसं धर्मादाय सूपावर जगतायत. गिरणीवाल्यांना हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागतोय, ज्याला ते सरसकट ‘सुरत’ म्हणतात. वऱ्हाडचा मालही त्यातच, फक्त त्याची जात ‘ऊमरा’ म्हणून ओळखली जाते. हे नाव उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचंच. सुरत कापूस आखूड, तुटका, कचऱ्यानं भरलेला. लँकेशायरात हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला, इतका की बिअर बनवणाऱ्या एका पेढीनं आपल्याला ‘सुरत’ म्हटलं म्हणून अब्रूनुकसानीचा दावा लावला. तांड्यातला तो लोट आठवतो ना? मिर्झापूरच्या वाटेवरची धूळ, गोणीतला पाऊस, दलालानं मुद्दाम मारलेलं पाणी, या सगळ्याची बदनामी मात्र वऱ्हाडच्या पऱ्हाटीच्या वाट्याला आली.

मग तोडगा काय? सरकी काढायचं काम यंत्रावर न्यायचं, तेही शक्यतो कापूस पिकतो तिथंच. अमेरिकेत 1793 पासून व्हिटनीचं करवतीच्या दात्यांचं जिन होतं. कंपनी सरकारनं 1840 च्या आसपास अमेरिकन बागाइतदार बोलावून ते धारवाडकडं चालवून पाहिलं. आपल्या आखूड धाग्याची त्या दात्यांनी चिंधडी व्हायची. उपयोगी पडलं ते दुसरंच यंत्र. 1840 साली अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीनं पेटंट घेतलेलं.

प्लॅटच्या कारखान्यात जुळणीच्या बाकावर असंच एक जिन उघडं पडलंय. वाका आणि नीट पाहा. चामड्यानं मढवलेला एक लांब रूळ. त्याला दाबून बसवलेलं एक स्थिर पातं. खरखरीत चामडं तंतूला धरून पात्याखालून ओढतं, सरकी पात्याशी अडते, आणि दुसरं पातं वरखाली होत तिला ठोकरून जाळीतून खाली पाडतं. जुळारी तुम्हाला कागदाचा कपटा देऊन पात्याची फट कशी तपासायची ते खुणेनं दाखवतो. जास्त दाबलं तर चामडं जळतं, सैल सोडलं तर सरकी चिरडून रुईत जाते. सगळी विद्या त्या फटीत आहे. आणि तुमच्या ध्यानात येतं की ही गोष्ट तुम्ही ओसरीवर पाहिली आहे. म्हातारीचा रेचा हेच करत होता, फक्त त्याला वाफेचं इंजिन जोडलेलं नव्हतं.

प्लॅटांना या जिनांतून मोठा पैसा मिळत नव्हता. त्यांची खरी कमाई कताईच्या यंत्रांत. पण धंद्याची मेख पाहा: वऱ्हाडात कापूस स्वच्छ करायचं यंत्र यांचं, ओल्डममध्ये तो कातायचं यंत्रही यांचंच. मधला कुणीही बुडाला तरी हे घराणं तरणार.

परत या. नकाशा बदललाय. 1853 मध्येच निजामाकडून कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं होतं. 1867 ला आगगाडी नागपूरपर्यंत पोचली, बडनेऱ्याहून अमरावतीला सहा मैलांचा फाटा निघाला. 1870 साली खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या गावाला सात-आठ मैलांची रेल्वे आणि तिच्यासाठी व्हाइसरॉय! मँचेस्टरला किती घाई होती, हे सांगायला दुसरा पुरावा नको. लमाणांचे तांडे संपले. त्यांच्यासाठी कुणी दरबार भरवला नाही.

पुढची तीस वर्षं मी तुम्हाला भरभर नेतो. कारंज्याला 1886 मध्ये नियमांनी बांधलेला देशातला पहिला कापूस बाजार, 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, आणि टिळक तुरुंगात. आजूबाजूला बघाल तर अमरावती, अकोला, खामगाव, धामणगाव, मूर्तिजापूर, जिथं रेल्वेचं स्टेशन तिथं एक तरी धुराडं. रॅली, फोलकार्ट या परदेशी पेढ्यांचे मुनीम आणि मारवाडी, गुजराती, देशस्थ सावकार सगळे जिनांचे आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसचे मालक झालेत.

थांबू ते एका रात्री, एका जिनात. पौष महिना, बाहेर कडाक्याची थंडी. आत शिरताच नाकातोंडात धुस्कट जातं. लांबलचक शेड, मधोमध छताखालून फिरणारा शाफ्ट, त्याच्यावरून खाली उतरणारे चामडी पट्टे, आणि दोन्ही बाजूंना जिनांच्या रांगा, बीडाच्या चौकटींवर उठावदार इंग्रजी अक्षरं: प्लॅट ब्रदर्स, ओल्डम. प्रत्येक जिनापुढं एक बाई. ती ओंजळीनं कापूस सारते, सारखा, एकसारखा, तोंडावर पदर गुंडाळून. शेजारी फाटक्या गोधडीवर पोर झोपलंय. आवाज इतका की ती बोलत नाही, हातानं सांगते. रूळ तापला की जळक्या चामड्याचा वास येतो आणि मिस्त्री धावत येऊन पट्टा सोडवतो. आगीची धास्ती सगळ्यांना, कंदिलाला काच, तरी नजर त्याच्याकडंच.

ही बाई पहाटे आली आहे. आता मध्यरात्र होत आली. हंगाम चार-पाच महिन्यांचा, आवारात कापसाच्या बंड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि मालकाला एक तासही यंत्र थांबवायचं नाही. 1908 च्या कारखाना मजूर आयोगानं जिनांमधले सतरा-अठरा तासांचे दिवस नोंदवले. मुंबईच्या गिरणीत संप झाला तर पेपरात यायचं. इथं संप करायला कुणी राहत नव्हतं, फाल्गुन संपला की बाया आपापल्या गावी. यंत्राची कौतुकं लिहिणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, या बाईपाशी थोडं जास्त उभं राहावं.

आता शेडच्या मागच्या बाजूला चला. जाळ्यांतून पडलेली सरकी तिथं एका डोंगरात जमा होतेय. कुणाच्या वावरातली कुठली, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शेतकरी आता रुई विकत नाही, सरकीसकट कापूस विकतो. रेचे माळ्यावर गेले. सरकी मालकाच्या मालकीची, तेलघाण्याला जाते, ढेप होऊन परत विकली जाते, आणि जेठात हाच शेतकरी पेरणीसाठी याच डोंगरातली सरकी पैसे देऊन नेतो.

म्हातारीचे दोन ढीग इथं एक झाले. परिणाम दिसायला वीसेक वर्षं पुरली. वऱ्हाडातली जुनी बनी कपाशी लांब, रेशमी धाग्याची, पण तिचा उतारा कमी: शंभर शेर कापसात रुई तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी. तिच्याऐवजी रोझियम नावाची आखूड, खरखरीत जात पसरली, कारण तिचा उतारा शेकडा चाळीसच्या घरात. यंत्राला दोन्ही सारख्याच. भाव धाग्याच्या लांबीला नाही, रुईच्या वजनाला मिळत असेल, तर शेतकरी दुसरं काय पेरणार? शेती खात्यानंही तिचाच प्रसार केला. 1917-18 च्या कापूस समितीनं जिनांतली सरमिसळ, ओलं करणं, मालकांचे ‘पूल’ या सगळ्यावर बोट ठेवलं. पूल म्हणजे मालकांनी एकत्र येऊन दर बांधायचा आणि बंद ठेवलेल्या जिनालाही नफ्यातला वाटा द्यायचा. म्हणजे वऱ्हाडात काही कारखाने न चालवण्याबद्दल पैसे कमवत होते. 1925 मध्ये जिन-प्रेसचा कायदा आला, गाठीवर प्रेसचा क्रमांक मारायची सक्ती झाली. सरकीचे ढीग वेगळे करायला मात्र कुठला कायदा पुरला नाही.

या काळात वऱ्हाडच्या गाठींचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लँकेशायर राहिलेलं नाही. ते जपान आहे. ऊमरा कापूस मुंबईहून ओसाकाला जातो. तिथली पहिली मोठी गिरणी, ओसाका स्पिनिंग, 1883 साली उभी राहिली ती प्लॅटच्याच यंत्रांवर. आणि मग डिसेंबर 1929. तुम्ही मँचेस्टरला आहात. टेबलाच्या एका बाजूला प्लॅटची माणसं, दुसऱ्या बाजूला जपानमधला एक तरुण इंजिनिअर, किइचिरो टोयोडा. त्याच्या वडिलांनी, साकिची टोयोडांनी, आपोआप थांबणारा आणि आपोआप धोटा बदलणारा माग काढलाय. त्याचे हक्क प्लॅट विकत घेतायत, ठरलेली किंमत एक लाख पौंड. ज्यांना प्लॅटांनी यंत्रं शिकवली, त्यांच्याकडून आता प्लॅट यंत्र विकत घेतायत. टोयोडा घराणं पुढं मोटारी बनवायला लागलं, हे तुम्हाला सांगायला नको. चार वर्षांनी, 1933 मध्ये, कापडावरच्या जकातीच्या भांडणात जपाननं हिंदी कापसावर बहिष्कार टाकला आणि अकोल्याच्या बाजारात भाव कोसळला. सह्या कुठं होतात आणि मार कुणाला बसतो!

वऱ्हाडातली प्लॅटची जिनं मात्र चालूच राहिली. ओल्डमहून सुटे भाग यायला महिने लागायचे, युद्धात तर यायचेच बंद. मग मिस्त्री लोकांनी भाग इथंच घडवायला घेतले. लाकडाचा नमुना, वाळूचा साचा, गावातली भट्टी. पात्याला पोलाद नाही? मोडक्या गाडीचा पाटा. मिस्त्री तुम्हाला कागदाचा कपटा देऊन फट तपासायला लावतो, अगदी ओल्डमच्या जुळाऱ्यासारखा. दोघांची भेट कधी झाली नव्हती.

असं हात बसत गेल्यावर आपलं यंत्र निघणं ही वेळेची बाब होती. 1961 साली नागपुरात बजाज स्टील इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि ही बजाज कुटुंबाची कंपनी जिनिंगची यंत्रं बनवू लागली. दुहेरी रुळाचं जिन हे तिचं मुख्य काम. तत्त्व तेच, चामडं आणि पातं, फक्त रूळ दोन आणि पातं मधे नाचणारं, म्हणजे काम जास्त. आज तिथली यंत्रं आफ्रिकेतल्या कापूस देशांत जातात. 1985 पासून नागपुरातच सरकारी जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. ओल्डमचं हार्टफर्ड वर्क्स 1982 साली बंद पडलं. दोन घराण्यांमधली ही अदलाबदल कुणी समारंभानं साजरी केली नाही, आणि ते बरंच झालं. यंत्र कुणाच्या गावात बनतं हा अभिमानाचा प्रश्न आहे खरा, पण जिनासमोर कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न नसतो.

त्याच्या बाजूनं पाहा. 1972 मध्ये एकाधिकार खरेदी आली, राज्याशिवाय कुणाला कापूस विकायची मुभा नव्हती, ती योजना तोट्यात रुतत गेली. 2000 मध्ये कापूस तंत्रज्ञान मोहीम आली, जुनी जिनं गेली, कापूस आता हातानं न सारता हवेच्या नळीतून यंत्रापर्यंत जातो, आणि ती ओंजळीची बाई शेडमधून नाहीशी झाली. 2002 मध्ये बीटी कपाशीचं बियाणं आलं. आता पेरायची सरकी अर्ध्या किलोहूनही कमी वजनाच्या पाकिटात येते, संकरित असते, आणि पुढच्या वर्षी तीच पेरून चालत नाही. म्हातारीचा एक ढीग कंपनीकडं गेला, दुसरा जिनवाल्याकडं.

आणि तुम्ही आता 2020 च्या दशकात, अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेले आहात. व्यापारी येतो, मुठीत कापूस घेतो, ओढून धागा पाहतो, ओल पाहतो, एक सरकी दातानं फोडतो, भाव बोलतो. त्याच्या डोक्यात उतारा आहे. एका क्विंटलला रुई तेहतीस किलो की सदतीस, यावर त्याचा नफा. तुमच्याकडं तो आकडा नसतो, आणि भाव सरसकट क्विंटलचा. प्रवासात इतकं फिरून माझं मत पक्कं झालंय ते हेच: रेचा घरात होता तोवर शेतकऱ्याला आपल्या कापसाचा उतारा माहीत होता, जिन आल्यावर तो मालकाला माहीत झाला.

त्याला इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. पुढच्या वेचणीनंतर प्रत्येक वावरातला शंभर ग्रॅम कोरडा कापूस घ्या, हातानं सोला, रुई आणि सरकी सोनाराच्या काट्यावर किंवा किराण्याच्या डिजिटल काट्यावर वेगवेगळी तोला आणि वहीत लिहा. हाताचा उतारा आणि यंत्राचा उतारा तंतोतंत जुळणार नाही, पण कुठलं वाण आणि कुठलं वावर जास्त देतं ते कळेल. मग भाव बोलताना तो आकडा आधी तुम्ही सांगा.